स्वतंत्र पक्ष : दिल्लीत ४४, महाराष्ट्रात शून्य

१९६७ च्या निवडणुकीनंतर चौथी लोकसभा भरली, तेव्हा विरोधी बाकांवर सर्वांत मोठा पक्ष होता स्वतंत्र पक्ष. खासदार ४४. जनसंघाचे ३५ होते आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्षांचे मिळून ४२. पक्षाला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुढची निवडणूक १९७१ ची, तीत ४४ चे ८ झाले. १९७४ मध्ये पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला. जन्मापासून अखेरपर्यंत सगळा हिशोब पंधरा वर्षांचा.

या अस्ताचं ठरलेलं उत्तर असतं की इंदिरा गांधींची लाट आली, देश समाजवादाच्या भरात होता आणि उजव्या विचाराला जागाच नव्हती. हे खोटं नाही, पण एवढ्यावर भागत नाही. जनसंघही १९७१ मध्ये स्वतंत्र पक्षाबरोबर एकाच विरोधी आघाडीत होता आणि त्याच लाटेत सापडला. तो ३५ वरून २२ वर आला, उभा राहिला, पुढे वाढला. स्वतंत्र पक्ष मात्र पुन्हा उठलाच नाही. माझ्या मते त्याचं कारण १९७१ मध्ये शोधण्यापेक्षा पक्ष वाढला कसा यात शोधायला हवं. आणि ते दाखवणारं सर्वांत चांगलं राज्य म्हणजे महाराष्ट्र, जिथे पक्षाच्या पदरात काहीच पडलं नाही.

जन्माचं निमित्त मात्र महाराष्ट्राच्या भूमीवरचंच होतं. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथे ठराव झाला की पुढची शेती सामुदायिक सहकारी पद्धतीची असेल : जमिनी एकत्र करून कसायच्या, मालकी कागदावर ज्याची त्याची राहील, उत्पन्नात जमिनीचा वाटा मिळेल. शिवाय जमीनधारणेवर कमाल मर्यादा आणि धान्याचा व्यापार सरकारकडे. उत्तर प्रदेशचे चरणसिंह भर अधिवेशनात या ठरावाविरुद्ध बोलले, पण काँग्रेसमध्येच राहिले. आंध्रचे शेतकरी नेते प्रा. एन. जी. रंगा मात्र काँग्रेस सोडून बाहेर पडले.

चक्रवर्ती राजगोपालाचारी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. गव्हर्नर जनरल, केंद्रीय गृहमंत्री, मद्रासचे मुख्यमंत्री, सगळं करून झालेलं. काँग्रेसला उजवीकडून विरोध करणारा भक्कम पक्ष हवा, नाहीतर लोकशाही एकांगी होईल, असं ते काही काळ लिहीत होते. ४ जून १९५९ ला मद्रासमध्ये नव्या पक्षाची घोषणा झाली, ऑगस्टमध्ये मुंबईत पूर्वतयारीचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष रंगा, सरचिटणीस मिनू मसानी. जोडीला कन्हैयालाल मुन्शी, उद्योगपती होमी मोदी, आणि सरदार पटेलांच्या हाताखाली संस्थानांचं विलीनीकरण पार पाडणारे व्ही. पी. मेनन. चिन्ह तारा.

मसानींचा प्रवास विलक्षण होता. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे यांच्या सहवासात काँग्रेस समाजवादी पक्षाची जी जुळवाजुळव झाली, तीत हे होते. स्टालिनच्या रशियाने त्यांचा भ्रमनिरास झाला. पुढे मुंबईचे महापौर, घटना समितीचे सदस्य, ब्राझीलमध्ये राजदूत असं करत ते थेट खुल्या बाजाराचे वकील झाले. नाशिकच्या त्या बराकीतून समाजवादी चळवळ निघाली आणि तिचा सर्वांत कडवा टीकाकारही निघाला, ही गोष्ट मराठी राजकीय इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

पक्षाची एकवीस तत्त्वं जाहीर झाली. मालमत्तेचा हक्क, शेतकऱ्याची स्वतःची जमीन, उद्योगाला मोकळीक, सरकारी खर्चाला लगाम. राजाजींचा ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ हा शब्दप्रयोग तर पक्षापेक्षा जास्त जगला. एकविसावं तत्त्व सर्वांत वेगळं होतं : मूलभूत तत्त्वं सोडली तर बाकी प्रश्नांवर प्रत्येक सदस्याला स्वतःचं मत ठेवायची मुभा. आजच्या पक्षादेशाच्या काळात हे वाचून हेवा वाटतो. पण या मुभेचा एक व्यावहारिक उपयोगही होता. जे लोक एरवी एका खोलीत बसले नसते, त्यांना एका नावाखाली आणायचा हाच मार्ग होता. राजाजी कट्टर दारूबंदीवाले आणि हिंदीसक्तीचे विरोधक. मुन्शी सोमनाथाच्या जीर्णोद्धाराचे पुढारी. मसानी नास्तिकतेकडे झुकणारे पाश्चात्त्य वळणाचे उदारमतवादी. आणि त्यांच्या मागे उभे असलेले संस्थानिक, ज्यांतल्या अनेकांनी मिल किंवा बर्क या विचारवंतांचं नावही ऐकलं नसावं.

नेहरूंनी हा पक्ष मध्ययुगातल्या सरदार-जमीनदारांचा असल्याची टीका केली. ती अन्यायाची होती, कारण राजाजी किंवा मसानी कोणाचे सरदार नव्हते. मात्र मतपेटीपुरतं बोलायचं तर नेहरू फार चुकले नव्हते.

१९६२ ची पहिली निवडणूक बघा. लोकसभेत १८ जागा, जवळपास आठ टक्के मतं. नव्या पक्षाला हे यश मोठंच. पण ते आलं कुठून? बिहारमध्ये रामगढचे राजे कामाख्या नारायण सिंह यांचा स्वतःचा पक्ष होता, तो स्वतंत्रमध्ये आला आणि विधानसभेत एकदम ५० आमदार आले. ओरिसात माजी संस्थानिकांची गणतंत्र परिषद होती, ती या निवडणुकीनंतर विलीन झाली. राजस्थानात जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी आणि डुंगरपूरचे महारावळ. गायत्रीदेवींना जयपुरात पडलेल्या सुमारे अडीच लाख मतांपैकी १,९२,९०९ मतं मिळाली, जगातला विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. ही मतं सहकारी शेतीच्या विरोधात होती की महाराणींसाठी, हे विचारायचीही गरज नाही.

आणि मग रामगढच्या राजांचं बिनसलं. त्यांनी पक्ष सोडला, माणसं बरोबर नेली. १९६७ मध्ये सगळीकडे काँग्रेसविरोधी वारं असताना बिहार विधानसभेत स्वतंत्र पक्षाला ३ जागा मिळाल्या. ५० चे ३. पक्षाचा बिहारमधला संसार भाड्याच्या घरात होता आणि मालकाने घर रिकामं करून घेतलं. १९७१ मध्ये जे देशभर घडलं त्याची रंगीत तालीम बिहारमध्ये आधीच झाली होती. पक्षाने तिच्यातून काही धडा घेतला असं दिसत नाही, कारण १९६७ च्या ४४ मुळे बिहारचा आकडा झाकला गेला.

आता महाराष्ट्र. इथे तुलना आपोआप हाताशी आहे. १ मे १९६० पर्यंत गुजरात आणि महाराष्ट्र एकाच मुंबई राज्यात होते. सरकार एक, नोकरशाही एक, सत्ताधारी पक्षही एक. दोन वर्षांनी निवडणूक झाली. गुजरात विधानसभेत स्वतंत्र पक्ष २६, महाराष्ट्रात शून्य. १९६७ मध्ये गुजरातेत १६८ पैकी ६६, शिवाय लोकसभेच्या २४ पैकी १२ जागा, म्हणजे काँग्रेसपेक्षाही एक जास्त. महाराष्ट्रात २७० च्या विधानसभेत पुन्हा शून्य. पक्षाचं मध्यवर्ती कार्यालय मात्र मुंबईत होतं.

गुजरातेत पक्षाला दोन तयार फौजा मिळाल्या. वल्लभ विद्यानगर उभारणारे भाईलालभाई पटेल, म्हणजे भाईकाका, मध्य गुजरातेतल्या चरोतरचे पाटीदार घेऊन आले. गुजरात क्षत्रिय सभा काँग्रेसवर रुसून आली. पाटीदार आणि क्षत्रिय एरवी एकमेकांचे वैरी, पण दोघांचाही राग काँग्रेसवर. सरदार पटेलांचे चिरंजीव डाह्याभाई पटेल पक्षात आल्याने नैतिक वजनही मिळालं. सौराष्ट्रात तर पावलोपावली संस्थान होतं.

महाराष्ट्रात अशी मोकळी फौजच नव्हती. ग्रामीण भागातला वजनदार शेतकरी समाज काँग्रेसच्या आत होता आणि यशवंतराव चव्हाणांनी त्याला तिथेच रमवलं होतं. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखे शेकापचे मोठे नेते काँग्रेसमध्ये परतले होते. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि तालुक्यातालुक्यातल्या महत्त्वाकांक्षी तरुणांना खुर्ची मिळाली. संस्थानिकांचं म्हणाल तर फलटणचे मालोजीराजे नाईक निंबाळकर स्वतःच काँग्रेसचे मंत्री होते.

त्यात सहकाराचा मुद्दा आला. नागपूरचा ठराव ऐकून आंध्रातल्या किंवा चरोतरातल्या शेतकऱ्याला वाटलं असेल की सरकार जमीन घेणार. नगर जिल्ह्यातल्या ऊसवाल्याच्या डोळ्यांसमोर सहकार म्हटल्यावर काय यायचं? लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना, तो उभारणारे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. तिथे जमीन ज्याची त्याची होती, एकत्र होतं ते गाळप आणि भांडवल, आणि त्यामागे सरकारची हमी. या शेतकऱ्याला ‘सहकार म्हणजे सामुदायिक गुलामी’ असं सांगायला गेलं तर तो हसणार. उलट कमाल जमीनधारणा कायद्यात १९६१ मध्ये खासगी साखर कंपन्यांच्या जमिनी गेल्या, तेव्हा खासगी मालमत्तेच्या बाजूने बोलणं म्हणजे कंपनीच्या बाजूने बोलणं, असा अर्थ गावात निघत होता.

सहकार हेच एकमेव कारण म्हणता येणार नाही. खेड्यात, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, आणंदची दूध संघटना जोरात होती आणि तिचे त्रिभुवनदास पटेल काँग्रेसचेच होते. तरी त्याच जिल्ह्यात स्वतंत्र पक्ष वाढला. फरक मला असा दिसतो की दुधाच्या डेअरीने तालुक्याचा आमदार ठरत नव्हता. साखर कारखान्याने ठरू लागला होता.

मग कुळकायद्याने दुखावलेले लोक? १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळं मालक झाली आणि जमीनमालकांचा एक वर्ग नाराज झाला. पण तो संख्येने लहान, त्यातला पांढरपेशा भाग १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर झालेल्या जाळपोळीमुळे गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेला, आणि राजकारणात तो जनसंघ, हिंदुमहासभा किंवा प्रजासमाजवादी यांच्यात वाटला गेलेला. कोर्टात दावा लावणारा वर्ग होता तो, मोर्चा काढणारा नव्हे.

मुंबई शहरात अडचण वेगळी होती. पक्षाच्या शहरातल्या चेहऱ्यांत पारशी आणि गुजराती उद्योगपती, सनदी अधिकारी, वकील. पाठीशी ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये काढलेल्या फोरम ऑफ फ्री एंटरप्राइजची बौद्धिक पुण्याई. मसानींचं ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिक इंग्रजी. ज्या वर्षी पक्ष जन्मला त्या वर्षी गिरगाव-परळमध्ये संयुक्त महाराष्ट्राचं रण पेटलेलं होतं आणि मुंबईवर मराठी हक्क नको म्हणणारा धनिक वर्ग कोण, हे लोकांच्या मनात पक्कं होतं. पुढे १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत काँग्रेसचे स. का. पाटील पडले, तेव्हा त्यांना पाडणारा माणूस जॉर्ज फर्नांडिस होता. मुंबईत काँग्रेसवर रागावलेलं मत कामगार पुढाऱ्याकडे जायचं. राज्यात अन्यत्रही विरोधाची जागा शेकाप, रिपब्लिकन, समाजवादी, कम्युनिस्ट यांनी, म्हणजे सगळ्या डाव्यांनी भरली होती.

नारायण दांडेकरांचं उदाहरण बोलकं आहे. आयसीएस अधिकारी, अर्थसंकल्पाची चिरफाड करण्यात पक्षाचे पहिल्या फळीतले वक्ते. हा मराठी माणूस लोकसभेत गेला तो उत्तर प्रदेशातल्या गोंड्याहून आणि नंतर गुजरातमधल्या जामनगरहून.

१९६७ च्या यशाकडे परत येऊ. राजस्थान विधानसभेत स्वतंत्र पक्षाला ४८ जागा मिळाल्या, जनसंघाशी मिळून सरकार बनवायच्या उंबरठ्यावर पक्ष पोचला होता. राज्यपालांनी काँग्रेसच्या मोहनलाल सुखाडियांना बोलावलं, जयपुरात गोळीबार झाला, राष्ट्रपती राजवट आली, आणि ती उठेपर्यंत काँग्रेसने माणसं फोडली. मद्रासमध्ये राजाजींनी द्रमुकशी हातमिळवणी केली. विधानसभेत २० जागा आल्या, पण तिथली लाट द्रमुकची होती, स्वतंत्रच्या आर्थिक विचाराचा तिच्याशी संबंध नव्हता.

सरकार मिळालं ते एकट्या ओरिसात. पाटण्याचे (म्हणजे ओरिसातल्या पाटणा संस्थानचे) राजेंद्र नारायण सिंहदेव मुख्यमंत्री झाले, काँग्रेसमधून फुटलेल्या जन काँग्रेसच्या मदतीने जवळपास चार वर्षं टिकले. या सरकारची देशभर उरलेली खूण कोणती? १९६७ चा ओरिसा धर्मस्वातंत्र्य कायदा. जबरदस्ती, आमिष किंवा फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतरावर बंदी घालणारा, स्वतंत्र भारतातल्या राज्यांमधला पहिला. कायद्याच्या बऱ्या-वाईटाचा वाद इथे नको. पण ज्या पक्षाचं सारं तत्त्वज्ञान सरकारने माणसाच्या व्यवहारात कमीत कमी पडावं असं होतं, त्याच्या एकमेव राज्य सरकारचा वारसा हा निघावा! दिल्लीत मसानी जे बोलत आणि भुवनेश्वरात जे घडत होतं, त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. एकविसावं तत्त्व होतंच.

१९६९ पासून फासे उलटे पडू लागले. काँग्रेस फुटली. १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याच वर्षी कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली. ही बंदी स्वतंत्र पक्षाला जितकी लागली तितकी कोणालाच लागली नाही. जे. आर. डी. टाटांनी १९६१ मध्ये नेहरूंना पत्र लिहून कळवलं होतं की आम्ही काँग्रेसप्रमाणे स्वतंत्र पक्षालाही देणगी देणार आहोत. तो उघड, हिशोबातला पैसा थांबला. सत्ताधाऱ्यांना काळ्या पैशाची वाट मोकळी होती. विरोधकाला, त्यातही कायद्याने चालण्याचा टेंभा मिरवणाऱ्या विरोधकाला, ती नव्हती.

मग न्यायालयात दोन मोठे विजय मिळाले. बँक राष्ट्रीयीकरणाविरुद्ध पक्षाशी संबंधित मुंबईचे रुस्तुम कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी १९७० मध्ये अकरांपैकी दहा न्यायमूर्तींनी कायदा रद्द ठरवला. संस्थानिकांचे तनखे बंद करणारा राष्ट्रपतींचा आदेश १५ डिसेंबर १९७० ला असाच रद्द झाला. दोन्हीकडे वकील नानी पालखीवाला. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही निकाल भक्कम होते. राजकारणाच्या दृष्टीने इंदिरा गांधींना यापेक्षा चांगली भेट मिळाली नसती. एकीकडे बँकवाले आणि राजे, दुसरीकडे गरीब, असं चित्र आयतं तयार झालं. तनख्यांचा निकाल लागून दोन आठवडे व्हायच्या आत, २७ डिसेंबरला, लोकसभा बरखास्त झाली.

स्वतंत्र पक्षाने काय केलं? संघटना काँग्रेस (फुटीनंतरचा इंदिराविरोधी गट), जनसंघ आणि संयुक्त समाजवादी यांच्याबरोबर महाआघाडी. राजाजींचा आग्रह होता की सगळ्या विरोधकांनी एक व्हावं. संयुक्त समाजवादी हे बँक राष्ट्रीयीकरणाचे समर्थक, तेही याच मांडवात. समान कार्यक्रम म्हणून जे होतं ते ‘इंदिरा हटाओ’. जागावाटपात १९६७ चे पावणेदोनशेहून जास्त उमेदवार साठाच्या आत आले. जिथे उमेदवारच नाही तिथला कार्यकर्ता, होता तेवढा, दुसऱ्याच्या प्रचाराला गेला आणि बहुधा तिथेच राहिला.

निकालात राजकोटहून मसानी पडले. जयपूरहून गायत्रीदेवी निवडून आल्या. गोध्र्याहून पिलू मोदी आले, होमी मोदींचे हजरजबाबी चिरंजीव. विरोधकांना सीआयएचे हस्तक म्हणण्याची टूम निघाली तेव्हा ‘मी सीआयएचा एजंट’ अशी पाटी गळ्यात अडकवून संसदेत फिरणारे. मसानींनी अध्यक्षपद सोडलं. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजी गेले. रंगा काँग्रेसमध्ये परतले आणि पुढे कितीतरी वर्षं काँग्रेसचे खासदार राहिले. ऑगस्ट १९७४ मध्ये पिलू मोदींच्या नेतृत्वाखाली पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. लोकदलाचे नेते चरणसिंह, नागपूरच्या ठरावाला काँग्रेसमध्ये राहून विरोध करणारे. त्यांच्या मागे उत्तर प्रदेशातला मध्यम शेतकरी पक्का उभा होता. जमिनीच्या हक्काची स्वतंत्र पक्षाइतकीच भूमिका घेऊन त्यांनी स्वतःचा मतदार कमावला होता.

पुढे लोकदल जनता पक्षात गेलं. १९७७ मध्ये स्वतंत्र पक्षाचे गुजरातमधले जुने नेते एच. एम. पटेल देशाचे अर्थमंत्री झाले. त्याच मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते आणि कोका-कोला देशातून गेलं ते त्यांच्याच काळात.

१९७४ च्या विलीनीकरणाला नकार दिला तो महाराष्ट्र शाखेने. ज्या राज्यात एकही आमदार निवडून आला नव्हता तिथलीच मंडळी नाव सोडायला तयार झाली नाहीत, याचं नवल वाटू नये. त्यांच्याकडे फुटायला आमदार नव्हते आणि रुसायला राजे नव्हते. ती विचारासाठीच आलेली होती. एस. व्ही. राजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्रीडम फर्स्ट’ चालवलं, चर्चा चालू ठेवली. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा लिहून द्यावी लागते. स्वतंत्र पक्षाच्या या उरलेल्या शाखेला ते लिहून देणं शक्यच नव्हतं. नव्वदच्या दशकात त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि ती वर्षानुवर्षं पडून राहिली.

१९९४ मध्ये शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. नावातला ‘स्वतंत्र’ उगाच नव्हता. शेतकरी संघटनेच्या रूपाने त्यांच्याकडे ते होतं जे मसानींकडे महाराष्ट्रात कधीच नव्हतं, लाखांच्या सभा आणि रस्त्यावर बसणारा शेतकरी. पण संघटनेला येणारा शेतकरी मतदानाला पुन्हा आपल्या कारखान्याच्या, आपल्या जातीच्या, आपल्या साहेबांच्या मागे जायचा. २००४ मध्ये जोशी राज्यसभेत गेले ते शिवसेना-भाजपच्या पाठिंब्यावर. तिथे त्यांनी समाजवादाच्या शपथेची अट काढून टाकण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही, आणि कलम २९-अ मधला तो शब्द तसाच आहे.